पोर्त-ओ-प्रिन्सचा नकाशा: हैतीच्या भूकंपात खुल्या नकाशाने काय साधलं, कुठे अडलं

१२ जानेवारी २०१० रोजी स्थानिक वेळेनुसार दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर, लेओगानजवळ. सरकारी आकड्यानुसार दोन लाखांहून अधिक माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालय असलेलं ख्रिस्तोफर हॉटेल कोसळलं. संयुक्त राष्ट्रांचे १०२ कर्मचारी मृत्युमुखी पडले. हैतीच्या राष्ट्रीय भू-माहिती केंद्राची इमारतही जमीनदोस्त झाली. ज्यांच्याकडे नकाशे होते आणि ज्यांना ते वाचता येत होते, नेमकी तीच माणसं आणि तीच कपाटं ढिगाऱ्याखाली सापडली.

बाहेरून येणाऱ्या बचावपथकांना मात्र पहिल्या तासापासून नकाशाच लागणार होता. विमानतळावरून अमुक वस्तीत जायचं कसं, पूल उभा आहे का, ट्रक आत जाईल का, दवाखाना कुठे आहे. इंटरनेटवरच्या तेव्हाच्या नकाशांत राजधानीचे मोजके मोठे रस्ते होते आणि गल्ल्यांच्या जागी कोरी जागा. महिन्याभरात सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी, बहुतेकांनी हैती कधी पाहिलेलं नसताना, ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भरता येणाऱ्या खुल्या नकाशावर ही कोरी जागा भरली.

ही गोष्ट बऱ्याचदा ‘गर्दीची ताकद’ म्हणून सांगितली जाते. ते अर्धंच खरं आहे. गर्दी जमवणं सोपं होतं. तिच्या हातचं काम वाया गेलं नाही, कारण तीन गोष्टी भूकंपाच्या आधीच ठरलेल्या होत्या: सगळ्यांचा डेटा एकाच कोठारात जाणार, तो एकाच साध्या रचनेत असणार आणि कोणालाही न विचारता तो उचलता येणार. जिथे जिथे यातलं काही सुटलं, तिथे काम अडलं.

हत्यारं

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी लंडनमध्ये सुरू केलं. विकिपीडियाचीच कल्पना, फक्त लेखांऐवजी भूगोल. रचना अगदी साधी आहे. नोड म्हणजे अक्षांश-रेखांश असलेला एक बिंदू. वे म्हणजे ओळीने जोडलेले नोड. रस्ता असो, नदी असो की घराचा घेर. रिलेशन म्हणजे अशा अनेकांचा गट, उदाहरणार्थ एखादा बसमार्ग. प्रत्येकावर टॅग, म्हणजे ते काय आहे हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या, लावायचे: ‘हायवे=रेसिडेन्शिअल’, ‘ॲमेनिटी=हॉस्पिटल’. बरोबरच्या चिन्हाआधी येते ती किल्ली, नंतर येतं ते मूल्य. बस्स. सर्व्हरची जी आवृत्ती तेव्हा चालू होती, ०.६, ती एप्रिल २००९ मधली. तिच्यात चेंजसेट आले होते, म्हणजे एका माणसाने एका बैठकीत केलेले बदल एका गठ्ठ्यात, त्याच्या शेऱ्यासह. भूकंपाआधी जेमतेम नऊ महिने ही सोय आली हे सुदैवच, कारण कोणी काय आणि कशावरून काढलं हे नंतर शोधायला याच गठ्ठ्यांचा उपयोग झाला.

नकाशा काढायला दोन संपादक होते. ब्राउझरमध्ये चालणारा पॉटलॅच आणि संगणकावर उतरवून घ्यायचा, जावा भाषेत लिहिलेला जोसम. नवखे पॉटलॅचकडे वळायचे. त्यात एक ‘लाइव्ह’ पद्धत होती, प्रत्येक क्लिक थेट सर्व्हरवर. शांत गावात ठीक. पण एकाच चौकावर अनेक जण काम करताना अर्धवट ओढलेली रेघही तत्क्षणी जगाला दिसते. अनुभवी लोक जोसम वापरत. तुकडा उतरवून घ्यायचा, काढायचं, तपासायचं, मग चढवायचं. मधल्या वेळात दुसऱ्याने तोच नोड हलवला असेल तर सर्व्हर नकार देतो आणि जोसम ‘माझं ठेवू की त्याचं?’ असं विचारतो. या प्रश्नाला कंटाळून सरसकट ‘माझं’ दाबलं की दुसऱ्याचा तासाभराचा घाम पुसला जातो.

चित्रं आणि परवानग्या

पहिल्या काही तासांत काम झालं ते याहूच्या जुन्या उपग्रहचित्रांवरून. त्यावरून नकाशा ट्रेस करायची मुभा ओपनस्ट्रीटमॅपला २००६ पासूनच होती. नकाशाच्या धंद्यात चित्र डोळ्यांना दिसणं वेगळं आणि त्यावरून रेघ ओढण्याचा हक्क असणं वेगळं. चित्रावरून काढलेला नकाशा त्या चित्रापासून बनलेली कृती ठरू शकते. परवानगी नसताना काढलेलं सगळं नंतर पुसावं लागतं. म्हणून गूगलच्या पडद्यावर स्पष्ट दिसणारा रस्ताही इथे उतरवता येत नव्हता.

१३ जानेवारीच्या सकाळी जिओआय-१ उपग्रहाने शहराचं चित्र घेतलं. जिओआय आणि डिजिटलग्लोब या दोन्ही कंपन्यांनी आपली चित्रं एक-दोन दिवसांत ट्रेसिंगसाठी खुली केली. ही चित्रं साधारण ५० सेंटिमीटर रिझोल्यूशनची, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. पुढच्या आठवड्यात विमानातून घेतलेली १५ सेंटिमीटरची चित्रं आली. फरक किती? साडेचार मीटरची मोटार पहिल्या चित्रात नऊ ठिपके लांब, दुसऱ्यात तीस. पहिल्यात रस्ता आणि तंबू कळतात. दुसऱ्यात रस्त्यावर पडलेली भिंत कळते. जुने कागदी लष्करी नकाशेही स्कॅन करून, ओळखीचे बिंदू जुळवून वापरले गेले. गावांची आणि टेकड्यांची नावं त्यातूनच मिळाली, कारण उपग्रह नाव सांगत नाही.

नव्या चित्रांनी नवी डोकेदुखीही आणली. आपत्तीत उपग्रह बरोबर डोक्यावर यायची वाट पाहत नाहीत, तिरका कॅमेरा करून टिपतात. तिरक्या चित्रात जमिनीच्या उंचीचा हिशेब चुकला की सगळी जागाच सरकते. कॅमेरा २५ अंश तिरका आणि उंचीच्या हिशेबात १०० मीटरची चूक असेल, तर चित्र सुमारे ४७ मीटर सरकतं. पोर्त-ओ-प्रिन्सचा सपाट बंदरभाग आणि त्याच्या वर डोंगरउतारावर चढत गेलेलं पेत्यॉंव्हिल यांच्या उंचीत शेकडो मीटरचा फरक आहे. त्यामुळे खालच्या भागात नीट बसलेलं चित्र वर गेल्यावर घसरलेलं असू शकतं. एकाने याहूवरून काढलेला रस्ता दुसऱ्याला नव्या चित्रात घरांच्या छपरांवरून जाताना दिसतो. मग तो ‘चूक’ दुरुस्त करतो, तिसरा पुन्हा मागे ओढतो.

यावर उपाय एकच आणि तो आजही तोच आहे. काढायला बसण्याआधी चित्र जागेवर आणायचं. जीपीएसच्या नोंदी उपलब्ध असतील तर त्या पडद्यावर घ्यायच्या, एकाच रस्त्यावरून दोन्ही दिशांनी गेलेल्या चार-पाच नोंदींचा मध्य धरायचा आणि चित्र तेवढं सरकवायचं. नोंदी नसतील तर आधीच्या विश्वासू चित्राशी जुळवायचं. काही किलोमीटर पुढे गेलं की पुन्हा तपासायचं. रेघा नव्हे, चित्र हलवायचं, हे नवख्यांना दहादा सांगावं लागतं.

एका चौकाची तपासणी

सामान्य चूक जवळून पाहायची तर एक चौक घेऊ. मोठा रस्ता आडवा जातो, त्याला खालून एक गल्ली मिळते. दोन स्वयंसेवक एकाच वेळी तोच तुकडा उतरवून घेतात. दोघांच्याही प्रतीत गल्ली नाही. दोघंही ती काढतात आणि चढवतात. नवीन वस्तू असल्यामुळे सर्व्हरला यात झगडा दिसत नाही, तो दोन्ही मुकाट्याने घेतो. आता नकाशात चार मीटरच्या अंतराने दोन समांतर गल्ल्या आहेत. छापील नकाशात थोडी जाड रेघ दिसते, कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी भानगड टोकाशी असते. पहिल्याने गल्लीचं टोक मोठ्या रस्त्याच्या नोडवर आणून सोडलं, म्हणजे दोघांत एक नोड सामाईक झाला. दुसऱ्याने टोक रस्त्यावर ‘दिसेल’ असं ठेवलं, पण नोड वेगळाच राहिला. डोळ्याला दोन्ही जोडलेले दिसतात. मार्ग शोधणारं यंत्र मात्र सामाईक नोड असेल तरच वळण घेतं. पुढच्या कोणी दुहेरी गल्ली साफ करताना नेमकी जोडलेली पुसली तर मागे राहते ती न जोडलेली. हातातल्या जीपीएसवर ती वस्ती दिसते, पण तिथे नेणारा रस्ता यंत्र सांगत नाही किंवा डोंगराला वळसा घालून नेतं. जोसमचा तपासणी-विभाग अशी सुटी टोकं आणि एकावर एक चढलेले रस्ते शोधून देतो. चढवण्याआधी तो चालवायला मिनिटभर लागतो. घाईत सगळ्यात आधी वगळली जाते तीही हीच पायरी.

पडलेलं घर ओळखायचं कसं

रस्ते झाल्यावर स्वयंसेवक पडलेल्या इमारती, अडलेले रस्ते आणि लोकांनी मोकळ्या मैदानांत आपणच उभारलेल्या छावण्या यांच्याकडे वळले. या गोष्टींसाठी ठरलेले टॅग नव्हतेच. आपत्तीनंतर ते घाईघाईने बनवले गेले: भूकंपाच्या नुकसानीसाठी एक किल्ली आणि तिच्या आत ‘कोसळलेली इमारत’, ‘उत्स्फूर्त छावणी’ अशी मूल्यं; अडलेल्या रस्त्यासाठी ‘इम्पासेबल=यस’. पण कोणी ‘बिल्डिंग=कोलॅप्स्ड’ असं लिहीत होतं. म्हणजे ‘कोसळलेल्या सगळ्या इमारती दे’ असं विचारणाऱ्याला दोन-तीन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागायचे. टॅग हवा तो बनवायची मोकळीक हे ओपनस्ट्रीटमॅपचं बळ आहे, पण आणीबाणीत पहिल्या तासात एक पानभर टॅगयादी ठरवून तीच सर्वत्र चिकटवणं जास्त महत्त्वाचं.

छावण्या ओळखणं तुलनेने सोपं गेलं. निळे-पांढरे ताडपत्रीचे ठिपके फुटबॉलच्या मैदानावर किंवा गोल्फच्या हिरवळीवर उठून दिसतात. घरांचं तसं नाही. काँक्रीटची इमारत पुष्कळदा थप्पीसारखी बसते: खांब तुटतात, मजल्यावर मजला येतो आणि गच्ची जवळजवळ अखंड राहते. वरून पाहणाऱ्याला ती सुखरूप वाटते. इथे सावली कामाला येते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सावलीची लांबी इमारतीच्या उंचीइतकीच असते. तीन मजली, म्हणजे अंदाजे नऊ मीटरच्या इमारतीची सावली ५० सेंटिमीटरच्या चित्रात १८ ठिपके यायला हवी. सहाच आली तर संशय घ्यायचा. शेजारी इमारत किंवा उतार असेल तर हा हिशेबही फसतो, आणि भिंतीला गेलेले तडे तर १५ सेंटिमीटरच्या चित्रातही दिसत नाहीत. म्हणून वरून केलेली नुकसानीची मोजणी ही कमीत कमी धरायची असते. जिथे खूण नाही तिथे घर शाबूत आहे असा अर्थ काढणं धोक्याचं.

पडद्यावरून हातात

नकाशा सर्व्हरवर पडून असेल तर बचावपथकाला त्याचा काय उपयोग? तिथे वीज नव्हती, इंटरनेटचा भरवसा नव्हता. या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक दुवा मला इथे दिसतो, आणि त्याची वाहवा सगळ्यात कमी होते. काही मोजक्या लोकांनी हैतीपुरता डेटा पुन्हा पुन्हा कापून, गार्मिन कंपनीच्या हातातल्या जीपीएस यंत्रांना समजेल अशा फाइलमध्ये बदलून ठेवायला सुरुवात केली. तयार फाइल मेमरी कार्डावरच्या ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, कार्ड यंत्रात घालायचं, झालं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या शोधपथकाने अशा फाइली आपल्या यंत्रांत भरून वापरल्या आणि त्यांचा किती उपयोग झाला हे स्वयंसेवकांना कळवलं.

यासाठी कोणाची सही लागली नाही. डेटाचा परवाना तेव्हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा होता: श्रेय द्या, आणि सुधारून वाटाल तर त्याच अटींवर वाटा. (२०१२ मध्ये ओपन डेटाबेस परवाना आला.) याच्या बाजूला गूगल मॅपमेकर ठेवून पाहा. २००८ चं हे साधन गूगलच्या भारतातल्या चमूने घडवलेलं, लोकसहभागाचंच, आणि त्यावरही हैतीसाठी लोक रात्रंदिवस राबत होते. गूगलने तो डेटा संयुक्त राष्ट्रांना वापरायला दिला. पण त्याच्या अटी वेगळ्या असल्यामुळे तो ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घेता येईना. परिणाम असा की एकाच गल्लीवर दोन ठिकाणी दोन माणसं खपत होती आणि दोन्ही कामांची बेरीज होत नव्हती. मॅपमेकर २०१७ मध्ये बंद झालं. लोकांकडून काम करून घेणारं कुठलंही साधन निवडताना आधी पाहायचं ते हे, की आपण भरलेली माहिती पूर्णच्या पूर्ण बाहेर काढता येते का, आणि ती दुसऱ्याला देता येते का. पडद्याचं देखणेपण नंतर.

याच काळात उशाहिदी हे केनियात २००८ मध्ये जन्मलेलं साधनही हैतीसाठी चालू होतं. तिथे लोकांचे निरोप नकाशावर टाचले जात. ४६३६ या क्रमांकावर हैतीयन क्रिओलमध्ये फुकट एसएमएस पाठवता येत. परदेशी स्थायिक झालेले हैतीयन ते भाषांतरित करत आणि मग ‘हे नेमकं कुठे?’ हे शोधलं जाई. निरोपात असायचं ‘अमुक चर्चच्या मागे’. ते चर्च नकाशावर असेल तर निरोपाला जागा मिळणार, नाहीतर तो नुसता मजकूर. म्हणजे उशाहिदीची धाव मुळातल्या नकाशाच्या कुंपणापर्यंतच होती. आपत्तीसाठी काही उभारायचं म्हटलं की आपल्याकडेही सगळ्यांना आधी तक्रारींचं ॲप सुचतं. वाड्या-वस्त्यांची नावं आणि वाटा नकाशावर आहेत का, हे कोणी पाहत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना ओपनस्ट्रीटमॅपवर अजून मराठी नावाचा टॅग नाही. तो ‘नेम’पुढे अपूर्णविरामाचं चिन्ह आणि मराठीचा दोन अक्षरी संकेत लिहून भरता येतो.

नंतर बदललेल्या गोष्टी

त्या महिन्यात कामाची वाटणी विकी पानावरच्या याद्या आणि गप्पांच्या खोल्या यांवर चालली होती. कोणत्या भागात कोण आहे हे कळायला उशीर व्हायचा. शहराच्या मध्यावर झुंबड आणि बाहेरच्या गावांत कोणी नाही, असं व्हायचं. त्यातून धडा घेऊन मानवतावादी कामासाठीच्या ओपनस्ट्रीटमॅप गटाने, म्हणजे हॉटने, टास्किंग मॅनेजर बनवलं. हॉटची नोंदणी ऑगस्ट २०१० मधली. आज या साधनावर काम असं चालतं:

आधी संयोजक क्षेत्राची सीमा आखतो, कोणतं चित्र वापरायचं आणि काय काढायचं (फक्त रस्ते, फक्त इमारती की दोन्ही) हे लिहितो. क्षेत्राचे चौकोन पडतात. तुम्ही एक चौकोन घेतला की तो तुमच्यापुरता कुलूपबंद होतो. दोन तासांत सोडला नाही तर आपोआप मोकळा होतो, म्हणजे ताटावरून उठून गेलेल्याची जागा अडत नाही. चौकोन पूर्ण झाला की दुसरा, अनुभवी माणूस तो तपासतो आणि पास करतो किंवा परत पाठवतो. एका चौकोनात शंभर-दीडशेच्या वर घरं येत असतील तर तो चार तुकड्यांत फोडून घ्यावा. नवख्याचा उत्साह तासाभरात ओसरतो आणि अर्धा भरलेला चौकोन रिकाम्यापेक्षा जास्त त्रास देतो. इमारत काढताना छपराचा नव्हे, पायाचा घेर हवा. तिरक्या चित्रात आधी छप्पर काढायचं, कोपरे काटकोनात आणायचे आणि मग आख्खा आकार उचलून पायावर ठेवायचा. ब्राउझरमधल्या आयडी संपादकात काटकोनासाठी क्यू दाबायचा.

चौकोनांनी झुंबड आवरली. टॅगचा आणि नावांचा प्रश्न त्यांनी सुटत नाही, त्यासाठी माणूस तिथेच लागतो. मार्च २०१० पासून हॉटचे लोक हैतीत जाऊन स्थानिकांना शिकवू लागले. ते किती गरजेचं होतं हे ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनितच्या खोऱ्यात कॉलरा पसरला तेव्हा कळलं. दवाखान्यात आलेला रुग्ण वस्तीचं नाव सांगायचा. ती वस्ती कुठल्याही नकाशावर नसल्याने साथ कुठून येते आहे हे कळायला वेळ जायचा. रस्त्यांची रेघ परदेशातून ओढता आली होती, वस्तीचं नाव येत नव्हतं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने रेडक्रॉस आणि हॉटसोबत २०१४ मध्ये ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं, ते याच अनुभवाच्या पोटी. त्यात क्रम ठरलेला आहे: दूरचे स्वयंसेवक घरं आणि वाटा काढतात, मग तिथले लोक फिरून नावं भरतात.

नावं भरायला स्मार्टफोन लागतोच असं नाही. २००९ सालचं वॉकिंग पेपर्स नावाचं साधन हैतीत वापरलं गेलं, आणि त्याचा पुढचा अवतार अजून चालतो. आपला भाग निवडून कागदावर छापायचा. कोपऱ्यात एक चौकोनी कोड येतो, तो दुमडू किंवा ओला होऊ द्यायचा नाही. छापताना एका पानावर पाच-सहाशे मीटरपेक्षा जास्त लांबीचा भाग घेऊ नये, नाहीतर गल्लीचं नाव लिहायला जागा उरत नाही. वस्तीत फिरून गडद पेनाने नावं, शाळा, विहिरी, दवाखाने लिहायचे. पेन्सिल स्कॅनमध्ये उमटत नाही. मग कागद सपाट ठेवून फोटो काढायचा किंवा स्कॅन करून चढवायचा. कोड वाचून संगणक तो कागद बरोबर त्याच्या अक्षांश-रेखांशांवर पसरतो आणि संपादकात पार्श्वभूमी म्हणून दाखवतो. त्यावरून नावं टाइप करायची, ज्या भाषेत तिथले लोक म्हणतात त्या भाषेत, आणि चेंजसेटच्या शेऱ्यात ‘प्रत्यक्ष पाहणी’ असं लिहायचं.